नाईक यशवंत घाडगे

सह्याद्री उतरून कोकणात आले की रायगड किल्ल्याच्या आसमंतात महाड आणि माणगाव हे दोन तालुके लागतात. डोंगरांच्या सोंडा, त्यांच्यामधून वाहणारे ओढे, पावसाळ्यात भाताने हिरवीगार होणारी खाचरे आणि उन्हाळ्यात उघडे पडणारे तांबूस माळ, असा हा मुलूख आहे. शिवछत्रपतींच्या मावळ्यांचे तो एक माहेरघरच होता. याच माणगाव तालुक्यातील पळसगाव या खेड्यात १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे याचा जन्म झाला. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. त्याला रायगड हे नाव पुढे १९८१ साली मिळाले.

यशवंत ज्या काळात वाढला त्या काळातील कोकणच्या खेड्याचे जीवन मोठे कष्टाचे होते. पाऊस उदंड, पण जमीन थोडी. मृगाआधी शेतात राब भाजायचा, त्यात भाताची रोपे तयार करायची, आषाढात गुडघाभर चिखलात वाकून लावणी करायची आणि दिवाळीच्या सुमारास भात कापून घरी आणायचे, हा वर्षाचा क्रम असे. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकवावी तेव्हा कोठे वर्षाची बेगमी होई. भावाभावांत वाटून वाटून शेताचे तुकडे इतके लहान झालेले असत की घरातील एखाद्या तरी मुलाने बाहेर पडून चार पैसे मिळविल्यावाचून गत्यंतर नसे. बाहेर पडण्याच्या वाटा दोनच होत्या. एक मुंबईच्या गिरण्यांकडे आणि गोदीकडे जाई, दुसरी पलटणीकडे.

पलटणीची वाट या भागाला नवी नव्हती. इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातील आणि देशावरील मराठे पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आले होते. ज्या मराठा पलटणींना आज आपण मराठा लाईट इन्फंट्री म्हणून ओळखतो त्यांतील सर्वांत जुनी पलटण १७६८ साली उभी राहिली. १९२२ साली या निरनिराळ्या पलटणी एकत्र करून त्यांची एक रेजिमेंट बनविण्यात आली आणि बेळगाव हे तिच्या शिक्षणाचे केंद्र झाले. माणगाव-महाडकडील खेड्यांतून एखादा पेन्शनर सुभेदार किंवा हवालदार हमखास भेटे. महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर आणि सुटीवर आलेल्या शिपायाचा ताठ कणा, या दोन गोष्टी पाहतच तेथील मुले मोठी होत. बाळपणापासूनच्या या ओळखीमुळे फौजेची नोकरी त्यांना परकी वाटत नसे.

यशवंतही याच वाटेने गेला. तो पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत दाखल झाला.

लाईट इन्फंट्री म्हणजे हलके पायदळ. भारी सामानाचे ओझे न बाळगता झपाझप चालणारे, डोंगरदऱ्यांतून वाट काढणारे आणि शत्रूच्या जवळ जाऊन भिडणारे, असे हे सैन्य. दिवसभर डोंगर चढण्या-उतरण्याची सवय असलेल्या कोकणी तरुणाला हे काम अंगवळणी पडण्यास फार वेळ लागत नसे. परंतु नुसते चालता येणे म्हणजे सैनिक होणे नव्हे. बंदुकीची निगा राखणे, डोळे मिटूनही तिचे भाग सुटे करून पुन्हा जोडता येणे, जमिनीच्या प्रत्येक उंचवट्याचा आडोसा म्हणून उपयोग करणे आणि मुख्य म्हणजे आपल्या सोबत्यांच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवून घेणे, हे सारे शिकावे लागते. यशवंत ते चांगले शिकला असला पाहिजे. वयाची तेवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच तो नाईक झाला होता.

नाईक हा हुद्दा वरून पाहणाऱ्याला लहान वाटेल. शिपायाच्या वर लान्स नाईक, त्याच्यावर नाईक आणि मग हवालदार, अशी ही चढण आहे. पण लढाईत नाईकाचे काम फार जोखमीचे असते. सुमारे दहा शिपायांची एक तुकडी त्याच्या हाताखाली असते. तिला सेक्शन म्हणतात. नकाशावर बोट ठेवून हुकूम देणारे अधिकारी मागे असतात. नाईक मात्र आपल्या माणसांच्या पुढे असतो. कोणी कोठून धावायचे, कोणी कोठे पडून गोळ्या झाडायच्या हे त्याने क्षणार्धात ठरवायचे असते. शिपाई पाहतात ते त्याच्याकडे. तो थांबला की ते थांबतात आणि तो उठला की ते उठतात.

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाईसरॉयने हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. या देशातील लोकांना किंवा त्यांच्या पुढाऱ्यांना कोणी विचारलेदेखील नाही. या गोष्टीचा राग देशभर धुमसत राहिला. ऑगस्ट १९४२ मध्ये महात्मा गांधींनी इंग्रजांना चालते होण्यास सांगितले आणि देश पेटून उठला. यशवंतचा मुलूखही त्याला अपवाद नव्हता. १० सप्टेंबर १९४२ रोजी नानासाहेब पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली शेजारच्या महाड येथे कचेरीवर मोर्चा गेला. त्या मोर्चावर गोळीबार झाला आणि काही तरुणांना वीरमरण आले.

एका बाजूस इंग्रजांच्या गोळ्या छातीवर झेलणारे महाडचे तरुण आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजांच्याच निशाणाखाली लढणारा माणगावचा यशवंत. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? हा प्रश्न टाळून यशवंतचे चरित्र सांगता येणार नाही. त्या युद्धात हिंदी फौजेत सुमारे पंचवीस लाख माणसे होती आणि त्यांपैकी कोणासही सक्तीने भरती केलेले नव्हते. कोणी पोटासाठी गेले, कोणी घराण्याची रीत म्हणून, तर कोणी हिटलर आणि मुसोलिनी यांचा पराभव झालाच पाहिजे अशा निश्चयाने गेले. पलटणीतील शिपायाचा इमान प्रथम असतो तो आपल्या शेजारी चालणाऱ्या सोबत्याशी आणि आपल्या पलटणीच्या नावाशी. राज्य कोणाचे हा प्रश्न त्याच्या मनात नसतो असे नाही, पण खंदकात बसल्यावर तो मागे पडतो. महाडचे हुतात्मे आणि यशवंत यांना एकाच तराजूत घालून कोण उणा, कोण अधिक हे ठरविण्याची काही गरज नाही. दोघांचीही माती एकच होती आणि दोघांनीही आपापल्या जागी पाठ दाखविली नाही.

यशवंतच्या पलटणीने महायुद्धात लवकरच नाव मिळविले. १९४१ साली आफ्रिकेतील एरिट्रिया देशात केरेन येथे इटालियन फौजेने उंच कड्यांवर मोर्चे बांधले होते. ते घेण्यासाठी जी भीषण लढाई झाली तीत ही तिसरी पलटण होती. शिवछत्रपतींच्या नावाचा जयघोष करीत शत्रूवर तुटून पडण्याची मराठा पलटणींची प्रथा त्याच आफ्रिकेच्या मोहिमेत रूढ झाली, असे सांगतात. इंग्रज लोक मराठा शिपायाला कौतुकाने गणपत म्हणत. हे नाव त्यांनी सगळ्यांनाच सरसकट दिले होते; एकेका गणपतचे खरे नाव काय, गाव कोणते, याची चौकशी करण्याची तसदी मात्र थोड्यांनीच घेतली.

पुढे ही पलटण दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत गेली. तेथे कोणते युद्ध चालू होते हे थोडे समजून घेतले पाहिजे.

इटली हा प्रथम जर्मनीचा दोस्त होता. १० जुलै १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा सिसिली बेटावर उतरल्या. त्या महिन्याच्या अखेरीस मुसोलिनीची सत्ता कोसळली आणि सप्टेंबरमध्ये इटलीच्या नव्या सरकारने शरणागती पत्करली. पण तेवढ्याने युद्ध संपले नाही. जर्मन फौजांनी लगेच तो देश व्यापला आणि त्या तेथील डोंगरांत ठाण मांडून बसल्या. इटलीचा नकाशा पाहिला तर देशाच्या मधोमध, पाठीच्या कण्याप्रमाणे, अपेनाइन पर्वत पसरलेला दिसेल. या कण्यापासून दोन्ही समुद्रांकडे डोंगरांच्या रांगा आणि नद्या जातात. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या सैन्याला एक नदी ओलांडावी, एक डोंगर जिंकावा, की पुढे दुसरी नदी आणि दुसरा डोंगर उभाच, असा अनुभव येई. कासिनो येथील एका डोंगरापायी दोस्तांना चार महिने लढावे लागले. तो मे १९४४ मध्ये हाती आला आणि ४ जून रोजी रोम मुक्त झाले.

रोमवरून वाहणाऱ्या टायबर नदीचा उगम उत्तरेकडील डोंगरात आहे. रोम सोडून मागे हटणारी जर्मन फौज पळत सुटली नव्हती. आणखी उत्तरेला तिने एक बळकट तटबंदी बांधण्यास घेतली होती आणि ती पुरी होईपर्यंत दोस्तांना वाटेत अडवून ठेवणे हा तिचा डाव होता. त्यासाठी टायबरच्या वरच्या खोऱ्यातील प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक दगडी घरात, प्रत्येक वळणावर लहान लहान टोळ्या यंत्रबंदुका घेऊन दबा धरून बसल्या होत्या. जूनमध्ये पेरुजा हे शहर दोस्तांच्या हाती आले आणि त्याच्या उत्तरेस खोऱ्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर साफ करीत पुढे सरकण्याचे काम दहाव्या हिंदी डिव्हिजनवर येऊन पडले.

डोंगरावर बसलेला मूठभर शत्रू मोठ्या फौजेला कसा रोखू शकतो, हे समजण्यास इटलीपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. नाशिक जिल्ह्यात चांदवडजवळ सातमाळ्याच्या रांगेतून मुंबई-आग्रा रस्ता जातो. चांदवडचा किल्ला त्या वाटेवर नजर ठेवून उभा आहे. खालून येणारा माणूस वरून दिसतो. वर बसलेला मात्र खालून दिसत नाही. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी अशा जागा हेरून गड बांधले ते उगाच नव्हे. टायबरच्या खोऱ्यात असे गड नव्हते, परंतु ऑलिव्हची झाडे, द्राक्षांचे मळे आणि ओकची रानेच शत्रूला तटबंदीसारखी उपयोगी पडत होती. मोंतोने नावाचे एक जुने गाव याच भागात डोंगराच्या माथ्यावर वसले आहे.

१० जुलै १९४४ हा दिवस उजाडला. एक वर्षापूर्वी याच तारखेस दोस्तांनी सिसिलीच्या किनाऱ्यावर पाय ठेवला होता. पळसगावात हे लावणीचे दिवस. कोसळत्या पावसात घरोघरची माणसे इरली घेऊन खाचरांत उभी असतील. इटलीत मात्र जुलै हा कडक उन्हाळ्याचा महिना. त्या दिवशी मराठा पलटणीच्या एका कंपनीला शत्रूचे एक बळकट ठाणे जिंकून घेण्याचा हुकूम मिळाला. कंपनीतील एका सेक्शनचा नायक होता यशवंत घाडगे.

हल्ला सुरू झाला. यशवंतचे शिपाई उतार चढत शत्रूच्या जवळ येऊन पोहोचले, तोच अगदी थोड्या अंतरावरून एका यंत्रबंदुकीने आग ओकण्यास सुरुवात केली. साध्या बंदुकीतून एक गोळी सुटते तेवढ्या वेळात यंत्रबंदुकीतून कितीतरी गोळ्या सुटतात, आणि त्या ओळीने, विळ्याने गवत कापावे तशा येतात. इतक्या जवळून झालेल्या त्या माऱ्यात लपण्यास जागा नव्हती आणि परत फिरण्यास वेळ नव्हता. पाहता पाहता सेक्शनमधील एकूण एक शिपाई पडला. काही जागच्या जागी ठार झाले, बाकीचे जखमी होऊन कोसळले. उभा राहिला तो एकटा यशवंत.

त्या क्षणी त्याच्यापुढे काय होते याचा थोडा विचार करावा. ज्या तुकडीचा तो नायक होता ती तुकडी उरली नव्हती. त्याने जमिनीला चिकटून पडून राहावे, मागून मदत येण्याची वाट पाहावी, तर त्याला कोणी दोष दिला नसता. एकट्या माणसाने यंत्रबंदुकीवर चालून जावे असा हुकूम कोणताही अधिकारी देत नाही. पण ती बंदूक चालू राहिली असती तर भोवती पडलेल्या जखमींपैकी एकही वाचला नसता, आणि मागून येणारी कंपनीही त्याच माऱ्यात सापडली असती. हे सारे त्याने मनाशी तोलून पाहिले असेल असे म्हणणे कठीण आहे. तेवढा अवधीच नव्हता. साक्ष आहे ती त्याच्या कृतीची, आणि ती एवढेच सांगते की तो क्षणभरही थबकला नाही.

तो सरळ त्या यंत्रबंदुकीच्या रोखाने धावत सुटला. धावता धावता त्याने एक हातबॉम्ब फेकला. हातबॉम्बची कळ काढल्यानंतर तो फुटण्यास काही सेकंद लागतात. लवकर फेकला तर शत्रू तो उचलून परत फेकतो आणि उशीर केला तर तो आपल्याच हातात फुटतो. यशवंतचा बॉम्ब नेमका ठाण्यात जाऊन पडला. यंत्रबंदूक आणि ती चालविणारा गोलंदाज दोन्ही निकामी झाली. एवढ्यात तो ठाण्याशी जाऊन भिडला होता. त्याच्या हातात टॉमीगन होती. जवळच्या लढाईसाठी वापरली जाणारी ही छोटी, भराभर गोळ्या सोडणारी बंदूक असते. तिने त्याने ठाण्यातील आणखी एका सैनिकाला टिपले.

ठाण्यात अजून दोघे होते, आणि टॉमीगनमधील गोळ्या संपल्या. गोळ्यांची नवी पेटी बसविण्यास अनुभवी हातांनाही काही क्षण लागतात. समोर दोन शत्रू असताना ते क्षण मिळणार कोठून? यशवंतने बंदूक उलटी करून नळीकडून धरली आणि तिचाच सोट्यासारखा उपयोग करून त्या दोघांशी झुंज घेतली. दोघेही ठार झाले. माणसाने माणसाला असे मारावे यात सुख मानण्यासारखे काही नाही, आणि यशवंतलाही ते वाटले असेल असे समजण्याचे कारण नाही. युद्ध ही गोष्टच अशी आहे. परंतु ती यंत्रबंदूक आता कायमची मुकी झाली होती. जे ठाणे घेण्यास एक सेक्शन निघाला होता, ते एकट्या नायकाने घेतले होते.

तथापि आसपासच्या झाडीत शत्रूचे नेमबाज लपलेले होते. दुरून, नेम धरून, एकेका माणसाला टिपणे हेच त्यांचे काम असते. जिंकलेल्या ठाण्यात उभा असलेला यशवंत त्यांना दिसला. त्यांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. ज्या जागेसाठी तो धावला होता त्याच जागेत तो पडला, आणि तेथेच त्याचे प्राण गेले. त्या वेळी त्याचे वय बावीस वर्षे आणि आठ महिन्यांच्या आत होते.

ही सारी हकीकत घडण्यास काही मिनिटेसुद्धा लागली नसतील. तो महिना संपण्यापूर्वी टायबरच्या वरच्या खोऱ्यातील चित्ता दि कास्तेल्लो हे महत्त्वाचे गाव दोस्तांनी घेतले आणि ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स मुक्त झाले. इटलीतील युद्ध मात्र आणखी दहा महिने चालले. ते २ मे १९४५ रोजी संपले. इटलीच्या या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन लढल्या. पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक तीत सामील होते आणि त्यांपैकी ५,७८२ जण परत आले नाहीत. स्वतः परतंत्र असलेल्या देशाची ही मुले दुसऱ्या एका देशाला जर्मनांच्या तावडीतून सोडविताना मेली. इतिहासात अशा विचित्र गोष्टी घडतात.

नोव्हेंबर १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातील फौजांमध्ये शौर्यासाठी याहून मोठे पदक नव्हते. १८५६ साली ते सुरू झाले, पण पुढची पंचावन्न वर्षे हिंदी शिपायांना ते मिळण्याचा अधिकारच नव्हता. तो १९११ साली मिळाला. हे पदक सोन्याचे किंवा चांदीचे नाही. ब्रॉन्झ या साध्या धातूचा, किरमिजी फितीला अडकविलेला तो एक लहानसा क्रूस आहे. इटलीच्या संपूर्ण मोहिमेत असे केवळ वीस क्रॉस दिले गेले आणि त्यांतील सहा हिंदी फौजेतील सैनिकांनी मिळविले.

या सहांमध्ये आणखी एक मराठा सैनिक होता, आणि त्याचीही आठवण येथे केली पाहिजे. अहमदनगर जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यातील निमज या गावचा नामदेव जाधव हा यशवंतहून अवघा दोन दिवसांनी लहान. तोही पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीचाच, परंतु पहिल्या पलटणीचा. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्याने गोळ्यांच्या वर्षावातून जखमी सोबत्यांना उचलून सुरक्षित जागी नेले, आणि मग एकट्याने उलट जाऊन शत्रूच्या यंत्रबंदुका बंद पाडल्या. नामदेव जाधव सुदैवाने जगले, स्वतंत्र भारतात परतले आणि १९८४ सालापर्यंत लोकांत वावरले. एकाच महिन्यात जन्मलेली दोन शेतकऱ्यांची मुले एकाच युद्धात, एकाच देशात, एकाच पदकाची मानकरी झाली. एकाला उरलेले आयुष्य मिळाले, दुसऱ्याला नाही.

यशवंतचे लग्न झालेले होते. युद्धकाळात मरणाच्या बातम्या तारेने येत. तारवाला गावात शिरला की ज्या ज्या घरातील माणूस पलटणीत असे त्या त्या घराच्या दाराशी बायका थबकून उभ्या राहत, आणि तो आपले दार ओलांडून पुढे गेला म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडे. पुढे व्हाईसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते यशवंतच्या तरुण पत्नीने त्याचा क्रॉस स्वीकारला. कोकणातील एका खेड्यातून निघून ती स्त्री एवढ्या मोठ्या समारंभात येऊन उभी राहिली. टाळ्या वाजल्या असतील, सलाम्या झडल्या असतील. पण जो माणूस घरी यावयाचा तो न येता त्याच्या जागी तिच्या हातात एक धातूचा तुकडा आला, याचे मोल तिचे तिलाच ठाऊक. रणांगणावरील शौर्याच्या गोष्टी सांगताना घरी राहिलेल्यांचे शौर्य पुष्कळदा सांगावयाचे राहून जाते. ते काही मिनिटांचे नसते. ते पुढे जन्मभर पुरवावे लागते.

ज्यांच्या देहाचा अंत्यसंस्कार कोठे झाला हे ज्ञात नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कासिनो येथील स्मारकाच्या शिळांवर कोरलेली आहेत. यशवंत घाडगे हे नाव त्यांत आहे. त्याच्या रेजिमेंटने त्याची स्मृती आपल्या इतिहासात मानाने जतन केली. स्वातंत्र्यानंतर ही रेजिमेंट भारतीय सेनेची झाली, आणि बेळगावच्या केंद्रात नव्याने दाखल होणाऱ्या तरुणांना पलटणीच्या पूर्वजांची ओळख करून देताना यशवंतचे नाव घेतले जाते. माणगाव येथे त्याचा पुतळा उभारण्यात आला आहे. तालुक्यातील लोक आणि सैनिक दरवर्षी तेथे जमून त्याला मानवंदना देतात.

टायबरच्या खोऱ्यातील लोकही त्याला विसरले नाहीत, असे म्हणण्यापेक्षा त्यांनी त्याला उशिरा का होईना शोधून काढले असे म्हणणे अधिक बरोबर होईल. त्याच्या मृत्यूला एकोणऐंशी वर्षे झाल्यावर, जुलै २०२३ मध्ये, मोंतोने गावच्या रहिवाशांनी आणि इटलीतील युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून त्याच्या नावाचे एक स्मारक उभे केले. त्या स्मारकात तलवार नाही, तोफ नाही आणि बंदूकही नाही. ते एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्याचे बोधवाक्य म्हणून निवडले आहेत. ऊन असेल त्या दिवशी त्या घड्याळाची सावली हळूहळू सरकत वेळ दाखविते, आणि डोंगरावरच्या त्या लहानशा गावातील मुले तेथून येताजाता पळसगावच्या यशवंतचे नाव वाचतात.